सँ-दनीचा सुजेर: आधी हिशेब, मग खिडक्या

प्रश्न असा आहे: फ्रान्समधल्या सँ-दनी मठाचा अधिपती सुजेर याला ‘गॉथिक शैलीचा’, म्हणजे टोकदार कमानी आणि मोठ्या काचखिडक्यांच्या चर्चबांधणीचा, ‘जनक’ म्हणतात, ते कितपत खरं? आणि मठात राहणारा माणूस राजकारणात, सोन्यारत्नांत आणि बांधकामात इतका कसा काय गुंतला?

मी जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम करतो आणि वास्तुकलेचा इतिहास शिकवतो, त्यामुळे उत्तर कामाच्या अंगाने देतो. ‘जनक’ हे बिरुद मला पटत नाही, त्याची कारणं पुढे येतीलच. पण सुजेरला त्यामुळे लहान ठरवायचं नाहीये. उलट माझं मत असं की, त्याची खरी थोरवी या बिरुदामुळे झाकली जाते. तो पहिल्या प्रतीचा कारभारी होता. त्याच्या खिडक्यांवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, पण त्या समजायच्या तर आधी त्याचे हिशेब वाचावे लागतात.

सुजेरचा जन्म 1081 च्या सुमाराचा. घराणं साधंच. दहाएक वर्षांचा असताना त्याला मठाला सोडण्यात आलं. तेव्हा तशी रीत होती. सँ-दनी पॅरिसच्या उत्तरेला अगदी जवळ. फ्रान्सच्या राजांच्या कबरी तिथे, आणि संत दनी हा राजघराण्याचा पाठीराखा संत. राजपुत्र लुई, म्हणजे पुढचा सहावा लुई, लहानपणी याच मठात शिकला. राजाशी सुजेरचा घरोबा अशा जुन्या ओळखीतून वाढला. शरीराने तो बुटका आणि किरकोळ होता. गप्पिष्टही असावा. त्याचं चरित्र लिहिणारा मठातलाच भिक्षू विल्यम सांगतो की, रात्री उशिरापर्यंत तो जुन्या राजांच्या गोष्टी सांगत बसे आणि रोमन कवी होरेसच्या वीस-तीस ओळी तोंडपाठ म्हणून दाखवत असे.

मठाधिपती तो 1122 मध्ये झाला, पण घडला त्याआधी, मठाच्या दूरच्या जमिनींवर. 1107 च्या सुमारास त्याला नॉर्मंडीतल्या बेर्नव्हालचा कारभार मिळाला. नॉर्मंडी तेव्हा इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीच्या ताब्यात होती. हेन्रीचा करडा आणि नेटका अंमल सुजेरने तिथे जवळून पाहिला. हेन्री त्याच्या राजाचा शत्रू, तरी त्याच्या राज्यकारभाराबद्दल सुजेरने आदरानेच लिहिलं आहे. तिथून त्याची बदली झाली ती तूरीला, बोसच्या सुपीक मैदानात. शेजारी ल प्यूझेची गढी, आणि गढीत ह्यूग नावाचा सरदार. मठाची कुळं राबायची आणि पीक हा माणूस उचलून न्यायचा. राजाने 1111 मध्ये गढी पाडली. पुढच्याच वर्षी ह्यूगने पुन्हा उचल खाल्ली तेव्हा तूरीचा बचाव सुजेरला करावा लागला. राजा आणि मठ यांचं हित एकच आहे, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. हे त्याला एखाद्या ग्रंथातून सुचलं असं मला वाटत नाही, तूरीच्या लुटलेल्या शेतांनी ते शिकवलं. राजाचा हात पोचतो तिथेच कुळ सुखाने नांगर धरतं आणि कुळ सुखी तरच मठाची कोठी भरते. याच तूरीचं उत्पन्न वीस लिव्ह्रवरून (लिव्ह्र हे तेव्हाचं चलन) ऐंशीवर गेल्याची नोंद त्याने पुढे मठाच्या कारभाराच्या वृत्तांतात केली आहे.

त्याची निवडसुद्धा वादातच झाली. 1122 मध्ये तो इटलीत पोपना भेटून परतत असताना जुना अधिपती अॅडम वारला आणि भिक्षूंनी राजाची परवानगी न घेताच सुजेरला निवडलं. लुई भडकला. निवडीची बातमी घेऊन आलेल्यांना त्याने ऑर्लेआँला कैदेत टाकलं. सुजेर वाटेत अडकला: पुढे जावं तर राजाचा रोष, मागे फिरावं तर मठाचा घात. अखेर राजाचा राग निवळला. पुढे पंधरा वर्षं, लुईच्या मरणापर्यंत, दोघांत वितुष्ट आलं नाही.

या मैत्रीने काय साधलं ते 1124 मध्ये दिसलं. जर्मन सम्राट पाचवा हेन्री रँसवर चाल करून येतोय अशी खबर आली. लुई सँ-दनीला आला आणि वेदीवरून त्याने निशाण उचललं. हे निशाण व्हेक्सँ प्रांताचं. तो प्रांत राजाकडे मठाचा मांडलिक या नात्याने होता, आणि लुईने ते नातं तिथे सगळ्यांदेखत मान्य केलं. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे सरदार आपापलं सैन्य घेऊन त्या निशाणाखाली जमले. सम्राट लढाई न करताच माघारी फिरला. राजाने मठावर देणग्यांचा मोठा वर्षाव केला. लाँदीच्या जत्रेवरचे हक्क त्यात होते. पॅरिस आणि सँ-दनीच्या मधल्या माळावर दर जूनमध्ये ही जत्रा भरायची, व्यापारी लांबलांबून यायचे. ही जत्रा लक्षात ठेवा, चर्चच्या बांधकामात तिचा पैसा येणार आहे.

मठात तेव्हा शिस्त फारशी उरलेली नव्हती. दरबारी कामं, वकील-कारकुनांची वर्दळ, सैनिकांची ये-जा. क्लेरव्होच्या मठाचा कडक शिस्तीचा अधिपती बर्नार्ड याने याच मठाला व्हल्कनचा, म्हणजे रोमन लोहार-देवाचा, कारखाना आणि सैतानाचं सभागृह म्हटलं होतं. 1127 च्या सुमारास सुजेरने मठाची घडी नीट बसवली तेव्हा त्याच बर्नार्डने पत्र लिहून त्याची पाठ थोपटली, पण घोडे आणि लवाजमा यांवरून जुने टोमणेही त्यात होतेच. सुजेरने त्याच्याशी भांडण काढलं नाही.

त्याची एक बाजू मात्र मला खटकते. आर्जांतयला भिक्षुणींचा मठ होता. तो पूर्वी आपल्याच मालकीचा होता असे जुने दाखले सुजेरने पुढे केले, भिक्षुणींच्या वर्तनावर आरोप झाले आणि 1129 मध्ये त्यांना बाहेर काढलं गेलं. त्यांत एलोईज होती, तत्त्वज्ञ आबेलारची पत्नी आणि त्या काळातली मोठी विदुषी. त्या दाखल्यांच्या खरेपणावर अभ्यासक आजही शंका घेतात. मठाच्या हक्काचा प्रश्न आला की सुजेरला दुसऱ्याचं दुःख दिसत नसे, असंच मला वाटतं. खुद्द आबेलारशी मात्र तो वेगळा वागला. संत दनी म्हणजे सेंट पॉलचा अथेन्समधला शिष्य, अशी मठाची श्रद्धा होती. आबेलारने तिच्यावर शंका घेतली म्हणून आधीच्या अधिपतीने त्याला छळलं होतं. सुजेरने त्याला मठ सोडून जाऊ दिलं.

आता बांधकाम.

जुनं चर्च लहान पडत होतं. सणाच्या दिवशी गर्दी इतकी व्हायची की, बायका पुरुषांच्या डोक्यांवरून फरसबंदीवरून चालावं तशा वेदीकडे जायच्या, असं सुजेर लिहितो. संतांचे पवित्र अवशेष दाखवणाऱ्या भिक्षूंना ते घेऊन खिडकीतून पळ काढावा लागे. पण जुनं सगळं पाडणंही शक्य नव्हतं, कारण ते चर्च प्रत्यक्ष ख्रिस्ताने येऊन पवित्र केलं अशी लोकश्रद्धा होती. म्हणून त्याने दोन टोकं धरली. आधी पश्चिमेचा दर्शनी भाग: तीन मोठी दारं, वर गोल खिडकी. तो 9 जून 1140 ला पवित्र झाला. लगेच 14 जुलैला पूर्वेकडच्या वेदीभागाचा पाया घातला. हा भाग तळघरापासून छतापर्यंत तीन वर्षं तीन महिन्यांत उभा राहिला, असं तो स्वतः सांगतो. मधला जुना भाग तसाच राहिला. नवं जुन्याशी जुळावं म्हणून भूमितीची उपकरणं लावून मोजमाप केल्याचंही तो नमूद करतो. जुन्या भिंतीला नवी भिंत ओळंब्यात जोडणं किती कटकटीचं असतं हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. म्हणून हे एक वाक्य मला त्याच्या सगळ्या प्रकाश-वर्णनापेक्षा जास्त बोलकं वाटतं.

पैसा कुठून आला? वेदीभागासाठी वर्षाला दोनशे लिव्ह्र बाजूला काढायचे असा ठराव झाला. त्यातले दीडशे वेदीपुढच्या दानातून: शंभर लाँदीच्या जत्रेच्या काळातले, पन्नास संत दनीच्या सणाचे. उरलेले पन्नास बोसमधल्या एका गावाच्या उत्पन्नातून. म्हणजे यात्रेकरूंचा लोंढा आणि शेतीचा वसूल मिळून दगड चढत होते. त्याने पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, व्होक्रेसाँसारखी नवी गावं वसवली, बुडालेले हक्क सोडवून घेतले. आणि काम संपल्यावर काय? रंगीत काचांच्या देखभालीला एक कारागीर आणि दागिन्यांसाठी एक सोनार असे दोघे कायमचे नेमले. त्यांचा पगार वेदीच्या नाण्यांतून, पीठ मठाच्या कोठीतून. इमारत उभी करणारे आश्रयदाते इतिहासात पुष्कळ आहेत, पण तिच्या दुरुस्तीची तरतूद लिहून ठेवणारे फार थोडे. माझ्या धंद्यातल्या माणसाला सुजेर आवडतो तो इथे.

लाकडाची गोष्ट त्याच्याच शब्दांतून कळते. पश्चिमेच्या बांधकामाला लांब तुळया हव्या होत्या. पॅरिसच्या आणि मठाच्या सुतारांना विचारलं. ते म्हणाले, या भागात आता असं लाकूड उरलं नाही, ओसेरच्या बाजूहून आणावं लागेल. म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही. एका रात्री पहाटेची प्रार्थना आटोपून तो अंथरुणावर पडला, पण डोळा लागेना. उठला, सुतारांना आणि तुळयांची मापं बरोबर घेतली आणि शेव्हर्यूझच्या खोऱ्याकडच्या रानात निघाला. रानाच्या राखणदारांना विचारलं तर ते हसले. तिथला सरदार मिलो लढायांच्या काळात बुरूज आणि कुंपणं उभारायला सगळी मोठी झाडं तोडून बसलाय, हे तुम्हाला ठाऊक नाही का? सुजेरने ऐकलं नाही. झाडीत, काट्याकुट्यांत सगळे शिरले. तासाभरात एक झाड सापडलं. दुपारच्या प्रार्थनेच्या वेळेपर्यंत बारा तुळया निघाल्या. हव्या तेवढ्याच, एकही जास्त नाही. तो याला चमत्कार म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण त्या वेळी तो साठीकडे झुकलेला, राजाचा सल्लागार असलेला मठाधिपती होता, आणि मापं घेऊन स्वतः जंगलात शिरला होता. खांबांचंही तसंच. ते रोमहून, डायोक्लेशियनच्या स्नानगृहांतून समुद्रमार्गे आणावेत असा विचार त्याने गंभीरपणे केला होता. मग पाँत्वाझजवळ चांगली खाण सापडली आणि आसपासचे लोक दोर लावून दगड वर ओढायला आले.

आता ‘जनक’ या बिरुदाकडे. गॉथिक म्हणून आपण जे ओळखतो त्याचे सुटे भाग आधीपासून होते. फासळ्यांवर, म्हणजे कमानीसारख्या दगडी पट्ट्यांवर, पेललेलं छत इंग्लंडमधल्या डरहॅमला 1093 नंतरच्या बांधकामात आहे. टोकदार कमान बर्गंडीत होती, आणि मुसलमानी वास्तुकलेत तर त्याही आधीपासून. पॅरिसच्या आसपासच्या लहान चर्चांत गवंडी हे प्रयोग करतच होते. सँ-दनीला ते सगळे एकत्र आले आणि एका हेतूने वापरले गेले. वेदीभोवतीचा प्रदक्षिणापथ दुहेरी केला, त्याला लागून अर्धगोल देवळ्यांची रांग, आणि त्यांच्यामधल्या भिंती जवळजवळ काढूनच टाकल्या. छताचं वजन फासळ्यांतून बारीक खांबांवर उतरतं, म्हणून बाहेरची भिंत मोकळी होते आणि तिथे काच बसते. मुंबईच्या फोर्ट भागातल्या गॉथिक धाटणीच्या ब्रिटिशकालीन इमारती पाहिल्या असतील तर त्यांच्या टोकदार कमानींचं मूळ याच घराण्यात जातं, मधे सातशे वर्षं आणि बरीच वळणं घेऊन.

ही रचना ज्याच्या डोक्यातून निघाली त्या मुख्य गवंड्याचं नाव सुजेरने कुठेच लिहिलेलं नाही. स्वतःचं नाव मात्र त्याने दारांवर, काचांवर, भांड्यांवर जिथे तिथे कोरलं. दर्शनी दारावर ख्रिस्ताच्या पायाशी तो आहे, खिडकीत मेरीच्या पायाशी लोटांगण घातलेला तो आहे. यात त्याचा अहंकार दिसतो. पण लोटांगणात कोरून घेणं ही प्रार्थनासुद्धा आहे: माझ्यामागे माझ्यासाठी दुवा मागा. दोन्ही खरं आहे असं मी धरतो. गवंड्याचं नाव हरवलं याची रुखरुख मात्र मला कायम वाटते.

प्रकाशाच्या तत्त्वज्ञानाबद्दल विद्यार्थी हटकून विचारतात. मठात डायोनिसियसच्या नावाची एक ग्रीक पोथी होती (‘दनी’ हे याच नावाचं फ्रेंच रूप). 827 मध्ये बायझंटाइन सम्राटाकडून ती फ्रँक राजाला भेट आली होती. दृश्य प्रकाशातून मन अदृश्य प्रकाशाकडे चढतं, असा तिचा आशय. मठातले लोक या लेखकालाच आपला संत दनी समजत. प्रत्यक्षात ही माणसं वेगवेगळी, शतकांच्या अंतराने जगलेली. सुजेरने या पोथीवरूनच चर्चची कल्पना रचली, असं गेल्या शतकात ठामपणे मांडलं गेलं. नंतरच्या अभ्यासकांनी ते बरंच मवाळ केलं. मला दुसरी बाजू जवळची वाटते. दारावर त्याने कोरलेल्या ओळींत मंद मन भौतिक वस्तूंच्या आधाराने सत्याकडे उठतं, असा भाव नक्कीच आहे. पण तत्त्वज्ञानाचा पद्धतशीर वाचक म्हणून तो कुठे दिसत नाही. वैभवातून भक्ती जागते हा त्याचा अनुभव होता, आणि तो मांडायला मठातली भाषा हाताशी होती.

सोन्यारत्नांचं उत्तरही इथेच आहे. जुन्या करारात बकऱ्यांच्या रक्तासाठी सोन्याची भांडी वापरत, मग ख्रिस्ताच्या रक्तासाठी किती मोलाची हवीत, असा त्याचा सरळ सवाल होता. शुद्ध मन पुरेसं आहे असं म्हणणाऱ्यांना तो सांगतो की, मन हवंच, ते आधी हवं, पण बाहेरूनही देवाला उत्तमातलं उत्तम द्यावं. मोठ्या क्रूसासाठी लोरेनहून आलेले पाच, कधी सात सोनार दोन वर्षं खपत होते. आणि त्याची स्वतःची खोली? विल्यमच्या सांगण्यानुसार दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, झोपायला पेंढा. क्लूनीचा मठाधिपती पीटर ती पाहून म्हणाला होता की, हा माणूस आपल्या सगळ्यांना दोषी ठरवतो, आपण स्वतःसाठी बांधतो आणि हा फक्त देवासाठी. बर्नार्डच्या टीकेला याहून चांगलं उत्तर नाही.

11 जून 1144 ला वेदीभाग पवित्र झाला. सहाव्या लुईचा मुलगा, राजा सातवा लुई आणि राणी एलेनॉर हजर होते, कँटरबरीचे आर्चबिशपही आले होते. संताच्या अवशेषांची चांदीची पेटी राजाने स्वतः खांद्यावर घेतली. सातव्या लुईला सुजेर पोरवयापासून ओळखत होता; 1137 मध्ये बोर्दोला त्याच्या लग्नासाठी तोच बरोबर गेला होता. एलेनॉरने नवऱ्याला दिलेलं स्फटिकाचं पात्र नवऱ्याने सुजेरला दिलं आणि सुजेरने संतांना. हा सगळा प्रवास त्याने पात्राच्या पट्टीवरच कोरून ठेवला, आणि तो सुरू होतो एलेनॉरच्या आजोबांना ते देणाऱ्या ‘मितादोलुस’पासून. हा सारागोसाचा मुसलमान राजा असावा असं मानतात. ते पात्र आज लूव्र संग्रहालयात आहे.

1147 मध्ये लुई दुसऱ्या धर्मयुद्धावर निघाला. सुजेरचा या मोहिमेला विरोध होता, तरी राज्य त्याच्याच हाती सोपवलं गेलं. दोन वर्षं त्याने खजिना सांभाळला, राजाचे वाडे आणि बुरूज दुरुस्त केले, पूर्वेकडे पैसा पाठवला. 1149 मध्ये राजाचा भाऊ रोबेर आधी परतला आणि कारस्थानं करू लागला, तेव्हा सुजेरने स्वासाँला सभा बोलावून ते मोडलं. राजाला त्याने कळकळीने लिहिलं: लवकर या, आणि राणीबद्दलचा राग घरी पोचेपर्यंत पोटातच ठेवा. लुईने तो ठेवलाही. 13 जानेवारी 1151 ला सुजेर वारला आणि पुढच्याच वर्षी, 1152 च्या मार्चमध्ये, ते लग्न मोडलं. एलेनॉर आपला अक्वितेन प्रांत घेऊन इंग्लंडच्या भावी राजाकडे, दुसऱ्या हेन्रीकडे गेली. सुजेर जगला असता तर हे टळलं असतं असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण ते दुभंगू नये म्हणून धडपडणारा माणूस मात्र गेला होता.

त्याच्या चर्चचं पुढे बरंच बदललं. 1231 पासून मधला भाग आणि वेदीवरचं उंच छत नव्याने बांधलं गेलं. 1771 मध्ये दारांवरचे पुतळे काढले गेले, फ्रेंच राज्यक्रांतीत कबरी फोडल्या. मोठा क्रूसही आज उरलेला नाही. उत्तरेकडचा मनोरा 19 व्या शतकात उतरवावा लागला. सुजेरचा प्याला वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, गरुडाच्या आकाराचं लाल दगडी पात्र लूव्रमध्ये.

पॅरिसला गेलात तर मेट्रोच्या 13 नंबरच्या मार्गाने सँ-दनीला जाता येतं. आत शिरल्यावर उंच मध्यभागात अडकून राहू नका, तो नंतरचा आहे. थेट पूर्वेला, दुहेरी प्रदक्षिणापथात जा. वेदीलगतचे जाड खांब 13 व्या शतकात वरचं वजन घ्यायला बदललेले आहेत. त्यांच्या पलीकडची, दोन मार्गांच्या मधली सडपातळ खांबांची ओळ सुजेरच्या काळातली आहे. तिच्यात उभं राहून वर फासळ्या कुठे उतरतात ते बघा, आणि मग बाहेरच्या भिंतीत भिंत किती उरली आहे ते बघा.